हळद, शाई आणि जीन्सचा निळा: लेदर सीटवरचे चिवट डाग

ताई, सगळ्यात आधी ते पेट्रोल बाजूला ठेवा.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण थोडक्यात सांगतो. तुम्ही मुलुंडच्या, गाडी दीड वर्षाची, आतून सगळी बेज. ड्रायव्हरच्या सीटवर मिस्टरांच्या जीन्सचा निळसर पट्टा उतरलाय. मागच्या सीटवर लेकीनं चार दिवसांपूर्वी बॉलपेननं रेघोट्या मारल्यात. आणि दिराच्या हळदीहून परतताना कुणीतरी माखलेल्या हातानं टेकलं, त्यावर सासूबाईंनी साबण लावून पुसलं, तर पिवळ्याचं लालभडक झालं. सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा म्हणतो, पेट्रोल लावा, सगळं निघेल.

निघेल, खरंच निघेल. डागही आणि सीटचा रंगही.

मी वीसेक वर्षं सीटचंच काम करतोय. सुरुवात कुर्ल्याला सीएसटी रोडवर कव्हरं शिवण्यात गेली, आता विक्रोळीत एक छोटा गाळा आहे. गाळ्यात येणाऱ्या बऱ्याच सीटवर मूळ डाग रुपयाएवढा असतो आणि तो काढायच्या नादात झालेला पांढुरका पट्टा ताटाएवढा. मीही यातून सुटलेलो नाही. शिकाऊ असताना एका साहेबांच्या सीटवरचा डांबराचा ठिपका मी थिनरनं पुसला. ठिपका गेला. फडकं उलटं करून बघितलं तर त्यावर सीटचा करडा रंग आला होता. सीटच्या त्या एका शिवलेल्या तुकड्याचे, म्हणजे पॅनेलचे, पैसे माझ्या पगारातून कापले गेले, आणि तेव्हापासून फडकं सारखं उलटं करून बघायची सवय लागली ती आजतागायत आहे.

असं का होतं, ते समजून घ्या. कोल्हापुरी चप्पल आपण सगळ्यांनी पाहिलीय. ते चामडं बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं असतं, उघडं असतं, पाण्याचा थेंब पडला की पिऊन टाकतं. गाडीच्या सीटचं चामडं तसं नाही. ते बहुतेक वेळा क्रोमनं कमावतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक कोट चढवतात. हा सगळा थर ०.१५ मिलिमीटरच्या वर गेला तर त्याला नुसतं लेदर म्हणता येत नाही, कोटेड लेदर म्हणावं लागतं. चांगल्या सीटवर तो त्याहून बराच पातळ असतो, वहीच्या कागदाएवढाही नाही. तुमचा हात लागतो तो या थराला. डाग बसतो तोही यावरच, किंवा यात. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांना डाग कुठला आणि थर कुठला हे कळत नाही, ती दोघांनाही विरघळवतात किंवा फुगवतात.

आता एक नाजूक गोष्ट. तुमच्या सीट 'लेदर' आहेत असं शोरूममध्ये सांगितलं असेल, पण माहितीपत्रकात बारीक अक्षरात 'लेदरेट' तर लिहिलेलं नाही ना, बघा. लेदरेट म्हणजे आपलं रेक्झीनच, जरा शिकलेलं. बऱ्याच गाड्यांत बसायचा मधला भाग खरा चामड्याचा आणि बाजू, पाठ, दारं रेक्झीनची असतात. बाहेरून घातलेली 'नापा' कव्हरं तर सरसकट रेक्झीनचीच निघतात, नाव काहीही असो. ओळखायचं कसं? सीटच्या खाली हात घाला, जिथं कव्हरची कड दुमडून अडकवलेली असते तिथं उलटी बाजू दिसते. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झीन. मखमलीसारखे तंतू दिसले तर चामडं. वासावर जाऊ नका, वासाच्या बाटल्या मिळतात.

पुढची परीक्षा थेंबाची. कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर वरचा कोट शाबूत आहे, पुढचं सगळं तुम्ही घरी करू शकता. थेंबाखाली गडद ठिपका उमटला तर एकतर चामडं बिनकोटाचं आहे किंवा कोट झिजलाय. तिथं थांबा, ओलं काहीही लावू नका आणि जाणत्याला दाखवा. हीच परीक्षा डागाच्या शेजारीही करा, कारण सासूबाईंच्या साबणाच्या घासणीनं तिथला कोट गेलाही असेल.

थेंब बसला असं धरून पुढे जातो. कुठलाही डाग असो, पहिला हात साध्या सफाईचा. डाग म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी गोष्टी नुसता मळ निघाल्या आहेत. घाम, केसांचं तेल, लोकलमधून उतरून गाडीत बसलेल्या कपड्यांची धूळ, या सगळ्याचा एक चिकट पापुद्रा सीटवर असतो आणि खरा डाग त्याच्याखाली असतो. आधी व्हॅक्यूम फिरवा, नाहीतर शिवणीतली वाळू फडक्याखाली येऊन सॅंडपेपरचं काम करते. मग लेदर क्लीनर. तो नसेल तर कपभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. पाणी नळाचं घ्या, बोअरिंगचं किंवा टँकरचं नको, त्याचे क्षार वाळल्यावर पांढरे उमटतात. पाणी सीटवर ओतू नका, फवारूही नका. मऊ ब्रशवर किंवा फडक्यावर घेऊन फेस करा आणि फक्त तो फेस सीटवर फिरवा. तुमच्या सीटला बारीक भोकं असतील तर हे दुप्पट पाळा, कारण भोकातून गेलेलं पाणी खाली फोममध्ये बसतं आणि पावसाळ्यात तिथून वास सुटतो. पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची खूण शिवलेली असेल तर तो भाग फक्त ओलसर फडक्यानं पुसा. आणि सीटखालची पिवळी पिन कुणालाही उगाच काढू देऊ नका, ती एअरबॅगची असते.

साबण का नको, हेही सांगून टाकतो. शाळेत 'सामू' शिकलो होतो आपण. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली. चामडं थोडं आम्लधर्मी असतं, साधारण ४ ते ५. अंगाचा साबण ९-१० च्या घरात, कपड्याची पावडर त्याहून वर. एकदा पुसल्यानं काही आभाळ कोसळत नाही, पण दर रविवारी तेच केलं तर कोट निस्तेज होतो आणि जिथं तो फाटलाय तिथं चामडं कडक पडतं. खायच्या सोड्याचं मिश्रण लोक फार प्रेमानं सुचवतात. तोही अल्कली, शिवाय खरखरीत.

आता हळद. तुमच्या तीन डागांत हा सगळ्यात भयंकर दिसतो आणि सगळ्यात गरीब आहे. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. अल्कली लागलं की तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी पद्धत याच गुणावर चालते. म्हणजे सासूबाईंनी सीटवर कुंकू तयार केलंय, इतकंच. त्यांना सांगा, काही बिघडलेलं नाही. अर्ध्या कप पाण्यात चमचाभर साधं पांढरं व्हिनेगर घ्या, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागावर टिपा. घासू नका. लाल रंग तुमच्या डोळ्यांदेखत परत पिवळा होईल, मुलीला बोलावून दाखवा. मग साध्या ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा.

उरलेला पिवळा काढायला कुठलंच केमिकल नको. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो पुसून जात नाही. पण उजेडात तो टिकतही नाही. हळदीचा डाग पडलेलं बाळाचं झबलं आपल्या आया उन्हात वाळत घालायच्या ते यासाठीच. हळदीच्या कार्यक्रमात ती तेलात कालवलेली असते, त्यामुळे आधी वर सांगितलेल्या फेसानं तेलकटपणा काढा, मग गाडी अशी लावा की सकाळचं कोवळं ऊन त्या भागावर येईल. काचेतून आलेलं चालतं. बाकी सीटवर जुनी पांढरी चादर टाका, काचा बोटभर खाली ठेवा आणि दोन-तीन तासांनी गाडी सावलीत घ्या. दुपारच्या उन्हात सीट भाजून काढायची गरज नाही. चार-सहा दिवसांत पिवळा विरत जातो. फोडणीच्या वरणाचा, भाजीच्या रश्श्याचा डागही याच वाटेनं जातो.

मेंदीचं मात्र असं नाही, ते जाता जाता सांगतो, कारण हळदीमागोमाग मेंदी येणारच. मेंदीचा रंग हाताच्या कातडीला जसा धरतो तसाच प्रथिनाला धरतो, आणि चामडं म्हणजे प्रथिनच. कोट चांगला असेल तर ती वरच्या वर सुकते, खरवडू नका, प्लॅस्टिकच्या कार्डानं उचला. कोट झिजलेल्या जागी शिरली तर विसरा.

बॉलपेन. इथं चार दिवस झालेत हे मला आवडलेलं नाही. शाई ताजी असते तेव्हा कोटावर बसलेली असते. दिवसागणिक ती त्यात मुरत जाते, उन्हात उभ्या गाडीत लवकर. पहिल्या दिवशी निघणारी रेघ आठवड्यानं सावलीसारखी मागे राहते. तरी प्रयत्न करण्यासारखा आहे, आणि तो कसा करायचा ते नीट सांगतो.

कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणा, भरपूर. लेदरसाठीचा इंक रिमूव्हर मिळाला तर उत्तम. नसेल तर केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ते अगदी शेवटचा उपाय म्हणून. आधी लपलेल्या जागी एक काडी फिरवून बघा. मग काडी बुडवून कागदावर टेकवा, थेंब राहता कामा नये. रेघेच्या एका टोकाला ठेवा आणि लाटणं फिरवावं तशी काडी फिरवत रेघेवरून न्या. पुढेमागे घासायचं नाही. काडीचा कापूस निळा होईल. ती टाका, नवी घ्या. जुन्याच काडीनं चालू ठेवलं की शाई पसरते आणि रेघेचा ढग होतो. दोन, तीन, चार काड्या. प्रत्येक काडी उजेडात धरून बघायची. निळा फिका होत जाईल आणि एका क्षणी कापसावर बेज दिसेल. तिथं थांबा. रेघ अजून दिसत असली तरी थांबा. तो बेज तुमच्या सीटचा रंग आहे. लगेच ओलं फडकं, मग कोरडं. राहिलेली सावली तीन फुटांवरून दिसत नसेल तर माझं ऐका आणि जगू द्या तिला.

सॅनिटायझर, डिओ, हेअरस्प्रे हे उपाय लोक सांगतात ते यातल्याच अल्कोहोलमुळे. फरक असा की तिथं ते किती आणि सोबत अजून काय आहे यावर तुमचा ताबा नसतो. करोनाच्या काळात सॅनिटायझरच्या हातानं धरून धरून स्टिअरिंगचा कोट सोललेल्या गाड्या आम्ही रांगेनं रंगवल्या. टूथपेस्ट आणि तो पांढरा 'जादूचा' स्पंज हे दोन्ही घासून काम करतात. तो स्पंज म्हणजे अतिबारीक सॅंडपेपर समजा. रंगवलेल्या भिंतीवर बरा, सीटवर डागासोबत कोटाची चकाकी नेतो आणि मग त्याच जागी पुढचा मळ दुप्पट वेगानं बसतो.

जीन्सचा निळा दिसायला सौम्य आणि स्वभावानं चिकट. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्यावर कणांच्या रूपात बसलेली असते आणि घासली की झडते. कोरड्या जीन्समधून कमी, ओलीतून जास्त. म्हणून आमच्याकडे बेज सीटची गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये होते. माणूस भिजून गाडीत बसतो, ठाण्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये दीड तास सीटवर सरकत राहतो. छपाईच झाली ना ती. इथं क्लीनर आणि मऊ ब्रश, हलक्या हातानं गोल गोल, एका वेळी तळहाताएवढा भाग. दोन मिनिटं, पुसा, फडक्यावर निळं आलं का बघा. तीन फेऱ्यांपर्यंत निळं येत राहिलं तर काम होतंय, पुढच्या आठवड्यात अजून दोन करा. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच आलं नाही तर निळा कोटात शिरलाय, आणि जोर लावून उपयोग नाही.

रेक्झीन असेल तर बातमी अजून वाईट. रेक्झीनवरचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि रंग त्यातून हळूहळू आत उतरतो. महिन्यांनंतर तो डाग वर नसतोच, मालातच असतो. कुणी 'शंभर टक्के काढून देतो' म्हणालं तर त्याच्या हातात काय आहे ते आधी बघा. नवी जीन्स तीन-चार वेळा वेगळी धुतल्याशिवाय बेज सीटवर बसायचं नाही, असा नियम मिस्टरांना लावा. किंवा सीटवर सुती टॉवेल टाका. जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत टॅक्सीवाले रेक्झीनवर टॉवेल पसरायचे, ते काही उगाच नव्हतं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर बुरशीही घेतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी आठ-दहा दिवस बंद राहिली की सीटवर पांढरट-हिरवट भुकटी येते. लोक ती पुसतात, चौथ्या दिवशी परत येते, मग सीटला दोष देतात. सीटचा दोष क्वचित असतो. पायाखालची मॅट उचला आणि कार्पेटवर तळवा दाबा. ओलं असेल तर उत्तर तिथं आहे. पुढच्या डाव्या सीटसमोर ओलं असेल तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता बरीच, मेकॅनिकला तेवढं काम छोटं आहे. भुकटी काढताना गाडी मोकळ्या जागी न्या, चारी दारं उघडा, नाकाला मास्क लावा. ओलसर फडक्यानं टिपून घ्या, दर वेळी फडक्याची घडी बदला, कोरडा ब्रश मारून ती गाडीभर उडवू नका. मग कार्पेट पूर्ण वाळेपर्यंत पंखा.

भिजलेलं चामडं वाळवायचं ते सावलीत, हे मी २००५ मध्ये शिकलो. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीच्या काठच्या आमच्या भागात गाड्या छतापर्यंत गेल्या. नंतर आठवडे आम्ही सीटा उसवत होतो. ज्यांनी घाईनं उन्हात टाकल्या त्यांचं चामडं आकसून पापडासारखं झालं, शिवणी ताणून टाके फाटले. ज्या आतल्या बाजूला पंख्याखाली आठवडाभर पडून होत्या, त्यातल्या कितीतरी परत चढल्या. म्हणून सीट पुसल्यावर हेअर ड्रायर घेऊ नका.

हे सगळं करून सावली उरली, तर पुढचा रस्ता डाग काढायचा नसून रंग द्यायचा आहे. जागा साफ करून, बेजची नेमकी छटा जुळवून, एअरब्रशनं पातळ थर आणि वर नवा टॉपकोट देतात. चांगल्या कामात जोड दिसत नाही. कुणाकडेही गेलात तर एका पॅनेलचा भाव विचारा. 'पूर्ण इंटिरिअर डिटेलिंग'मध्ये फेस आणि चकचकीत तेल जास्त, तुमच्या रेघेवर हात कमी. आणि टॉपकोट न देता नुसता रंग फवारणारा असेल तर तो रंग पुढच्या जीन्सवर जाईल, या वेळी उलट्या दिशेनं.

सगळं साफ झालं की लेदरचा प्रोटेक्टंट लावा, तीन-चार महिन्यांनी परत. कोटावर आणखी एक पातळ पापुद्रा चढतो आणि पुढचा निळा त्यावर अडतो. कंडिशनरच्या नावानं मिळणारं तेल कोट असलेल्या चामड्यात फारसं जातच नाही, वर चिकटून धूळ धरतं. खोबरेल तेल तर कृपा करून नको. हेडरेस्टवर डोक्याचं आहे तेवढं पुरे.

क्रम असा ठेवा: आज संध्याकाळी शाई, कारण तीच घड्याळावर चालतेय. जीन्सचा पट्टा रविवारी निवांत. हळदीवर फक्त व्हिनेगरचं फडकं आणि नंतरचा हलका फेस, आणि रात्री गाडी लावताना वॉचमनला विचारून घ्या, सकाळी आठला ऊन कुठल्या बाजूनं येतं ते.